पाटावरून उठताना

माझं वजन किती कमी झालं ते मी कुणाला सांगत नाही, आणि इथेही सांगणार नाही. मल्लेश्वरमच्या बाजारात ओळखीची बाई भेटली की ती आधी माझ्या पोटाकडे बघते, मग तोंडाकडे, आणि विचारते, ‘‘किती उतरलं हो?’’ मी तिला अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा कुठे चांगल्या मिळाल्या ते विचारते. मी वाढत होते तेव्हा या सगळ्यांनी माझ्या पाठीमागे काय काय म्हटलं ते मला ठाऊक आहे. त्यांना आकडा मिळणार नाही.

आणि खरं सांगायचं तर आकडा हा मुद्दा नव्हताच. मुद्दा पाटाचा होता. पाटावर बसल्यावर मला माझं मला उठता येईल की नाही, एवढाच.

मी मूळची निपाणीची. लग्न होऊन बेंगळुरूला आले ती मल्लेश्वरममधल्या याच घरात. सासरचे लोक तीन पिढ्या इथले. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि स्वयंपाकघरात दोन्हींची मिसळ. आमच्या सीमेकडच्या लोकांत सासूला आत्या म्हणतात, तशी मीही म्हणते. एका कॉलेजात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळत मी साठीला आले आणि निवृत्त झाले. नवरा कारखान्यातून माझ्या आधीच निवृत्त झालेला. मुलगी हेब्बाळला राहते. ती आणि पुण्याचा जावई दोघंही आयटीत.

आमच्या घरात देवाला रोज स्वयंपाकाचा नैवेद्य असतो. दूध-साखर नाही, फळ नाही. वरण, भात, भाजी, कोशिंबीर, आणि सणावाराला पुरण. तो सोवळ्यात करायचा. इथले लोक सोवळ्याला मडी म्हणतात आणि आमच्याकडेही तोच शब्द रुळला आहे. आंघोळ करायची, वेगळ्या दांडीवर वाळत घातलेलं रेशमी पातळ नेसायचं, आणि नैवेद्य दाखवून होईपर्यंत आपण कुणाला शिवायचं नाही, कुणी आपल्याला शिवायचं नाही. तोवर पोटातही काही जाऊ द्यायचं नाही. पाळी येणाऱ्या सुनेचा यात काय भरवसा, म्हणून तो स्वयंपाक वर्षानुवर्षं आत्याच करत. मी नोकरी करायची आणि रात्रीचं बघायची. ‘अडचण’ आली की चार दिवस तेही नाही. त्या चार दिवसांचा मला अपमान वाटायचा हे खरं, आणि चार दिवस पाठ टेकायला मिळायची हेही खरं.

पन्नाशी ओलांडली आणि पाळी थांबली. डॉक्टरांच्या आधी आत्यांनी ओळखलं. वर्षभरात मी एकदाही बाजूला बसले नाही हे त्यांनी मनात टिपून ठेवलं होतं. एका सकाळी त्यांनी कपाटातून सोवळ्याची दोन पातळं काढली आणि माझ्या हातात ठेवली.

‘‘आता तुला काही अडचण नाही की ग. आता सगळे दिवस देवाचे. माझं झालं, साकु.’’

साकु म्हणजे पुरे. त्यांचं पुरे झालं आणि माझं सुरू झालं. मला रात्री घामाच्या धारा लागत होत्या, झोप उडाली होती, विद्यार्थ्यांसमोर उभी असताना अचानक कानशिलं तापत होती. घरात मात्र जणू मला बढती मिळाली होती. कॉलेजला जायच्या आधी पहाटे उठून मी नैवेद्य रांधू लागले आणि उपाशीपोटी रांधून झाल्यावर हावरटासारखी जेवू लागले. नैवेद्याचं टाकायचं नाही असा नियम. नवऱ्याला मधुमेह, आत्यांचं खाणं चिमणीएवढं. देवाला दाखवून उरलेलं सगळं माझ्या पानात यायचं.

वजन आलं ते पोटावर आलं. मांड्या बारीक होत गेल्या, दंड लोंबू लागले, आणि पोट मात्र पुढे. यावर मी जो उपाय केला तो आमच्यासारख्या बायकांनाच सुचू शकतो. मी उपवास वाढवले. सोमवार होताच, गुरुवार धरला, मग चतुर्थी, दोन्ही एकादश्या, पुढे शनिवार. आत्या बेहद्द खूश झाल्या. ओळखीच्या बायकांना त्या माझं कौतुक सांगू लागल्या.

आता त्या उपवासाचं ताट बघा. साबुदाण्याची खिचडी, तुपावरची, वर मूठभर दाण्याचं कूट. वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. बटाट्याचा कीस. गूळ घालून रताळ्याच्या फोडी. दुपारी राजगिऱ्याचा लाडू, कारण बिचारी सकाळपासून उपाशी आहे. रात्री खजूर आणि साखर घातलेलं दूध. उपवासाच्या दिवशी मी एरवीपेक्षा जास्त खात होते आणि मला ते दिसत नव्हतं, कारण आम्ही त्याला खाणं म्हणतच नव्हतो. प्रयोगशाळेत मी मुलींना चिमूटभर मिठाचंही वजन करायला लावायची. घरी खिचडीचा दुसरा वाडगा घेताना मला स्वतःची दया यायची.

मुलगी म्हणाली, ‘‘आई, तू ऑलरेडी इतकं फास्टिंग करतेस, मग वेट का वाढतंय? थायरॉइड चेक कर ना.’’ तिने मला चिया आणि ओट्स आणून दिले. ओट्स मला भिंतीला लावायच्या लांबीसारखे लागले. मी ते पक्ष्यांना घातले. पक्ष्यांनीही ठेवले.

मग ती अष्टमी आली. मी नुकतीच निवृत्त झाले होते. नवरात्र म्हणून सगळे जमले होते: मुलगी, जावई, पुण्याहून आलेल्या विहीणबाई, दीर आणि जाऊ. मी सोवळ्यात देवासमोर पाटावर बसून पूजा केली. आरतीची वेळ झाली, तबक लागलं, सगळे उठले. मी उजवा गुडघा वर घेतला, डावा हात जमिनीवर टेकला, जोर लावला. काहीच झालं नाही. पुन्हा लावला. मग मी चौरंग धरला. समई डगमगली आणि विहीणबाई ‘‘अगंबाई’’ म्हणून ओरडल्या. शेवटी नवऱ्याने एका काखेत हात घातला, जावयाने दुसऱ्या, आणि दोघांनी मला पोत्यासारखं उभं केलं.

दीर म्हणाले, ‘‘वैनी, हेब्बाळच्या फ्लायओव्हरवरनं क्रेन मागवू की काय?’’

सगळे हसले. तिथे क्रेन कायम उभीच असते, त्यामुळे विनोद चांगला होता. मीही हसले. आत्या तेवढ्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ‘‘शिवलात की रे तिला दोघंही! आता पुरणाचा नैवेद्य कोण वाढणार?’’

मी पुन्हा आंघोळीला गेले. अंगावर पाणी घेताना रडले, आणि ते रडणं दुःखाचं मुळीच नव्हतं. मला संताप आला होता. क्रेनच्या विनोदाचा नाही. मी पाटावरून उठू शकत नाही, याचं त्या घरात कुणालाच काही वाटलं नाही, त्याचा. पुरण कोण वाढणार हा प्रश्न होता, मी उद्या कशी उठणार हा नव्हता. दुसरं पातळ नेसून मी बाहेर आले, पुरण वाढलं, सगळ्यांना आग्रह केला. त्या दिवशी मी देवाला जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी कुणाला न सांगता एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. कन्नड बोलणाऱ्या, माझ्याच वयाच्या, केस न रंगवणाऱ्या. रक्ताचे आणि गुडघ्यांचे कागद बघून त्या म्हणाल्या, ‘‘साखर काठावर आहे. गुडघे झिजायला लागलेत, पण गेलेले नाहीत. खाता काय?’’

मी अभिमानाने म्हटलं, ‘‘आठवड्यात निम्मे दिवस तर माझा उपवासच असतो.’’

‘‘उपवासाला काय खाता?’’

मी सांगत गेले. साबुदाणा म्हणताना त्यांनी मान हलवली. बटाटा, रताळं, राजगिरा, गूळ, खजूर असं करत मी दुधातल्या साखरेपर्यंत आले तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं होतं. ‘‘आणि याला तुम्ही उपाशी राहणं म्हणता?’’ त्यांनी अगदी सरळ विचारलं. मग मला इतकं हसू आलं की बाहेर बसलेल्या बाईने दारातून डोकावून पाहिलं.

त्या मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मला समजावून सांगितलं. पाळी थांबली की बाईचे स्नायू भराभर उतरतात, हाडं विरळ होतात आणि चरबी पोटाकडे सरकते. नुसतं उपाशी राहिलं तर वजन उतरेलही, पण चरबीबरोबर स्नायूही जातील, आणि एकदा गेले की या वयात ते परत आणायला घाम गाळावा लागतो. म्हणून प्रत्येक जेवणात डाळ, कडधान्य, दही, पनीर असं काहीतरी भरपूर हवं, भात-साबुदाणा-साखर कमी. चालणं चांगलंच, पण तेवढ्याने भागणार नाही. जड वस्तू उचलायला शिका, नीट शिकवणाऱ्या माणसाकडून.

‘‘साठाव्या वर्षी?’’ मी म्हटलं.

‘‘आज तुम्हाला पाटावरून उठता येत नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘काही केलं नाहीत तर आणखी काही वर्षांनी पलंगावरून येणार नाही. मग संडासातून. मग कुणीतरी उचलेपर्यंत वाट बघायची.’’

ती अष्टमी पुन्हा पुन्हा, रोज, मरेपर्यंत. मला एवढं पुरलं.

आठव्या क्रॉसजवळ, म्हणजे आठव्या गल्लीपाशी, साड्यांच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर एक छोटी जिम आहे. तिथे सकाळी सहा वाजता बायकांना शिकवणारी ट्रेनर असते. होसकोटेकडच्या खेड्यातली, पूर्वी कबड्डी खेळलेली, तिशीतली बाई. मी पंजाबी ड्रेस घालून, ओढणीला गाठ मारून गेले. तिने मला आरशासमोर एका स्टुलावर बसवलं आणि म्हणाली, ‘‘अक्का, हात छातीवर. आता उठा.’’ मी उठले. ‘‘बसा. उठा.’’ थोड्याच वेळात माझ्या मांड्या थरथरू लागल्या. आजूबाजूला पोरीबाळी गाणी ऐकत लोखंड उचलत होत्या आणि मी, आयुष्यभर घर उचलून धरलेली बाई, स्टुलावरून उठत होते आणि बसत होते. आरशात बघणं मी टाळलं. ती म्हणाली, ‘‘बघा की आरशात. तुमच्याशिवाय कुणी बघत नाहीये.’’

पुढच्या आठवड्यात तिने ओढणी घरी ठेवून यायला सांगितलं. साठाव्या वर्षी मी आयुष्यातली पहिली ट्रॅक पँट घेतली. शेजारच्या बाईंनी गॅलरीतून विचारलं, ‘‘कुठे, हॉस्पिटलात का?’’ मी म्हटलं, ‘‘आखाड्यात.’’

आता अडचण आली, आणि ही खरी अडचण होती. जिम सकाळी सहाला आणि नैवेद्यही सकाळचाच. जिममधून घामेजलेलं, कुणाकुणाचा हात लागलेलं अंग घेऊन यायचं, मग आंघोळ, मग सोवळं, मग स्वयंपाक. देवाला दुपार झाली असती. मी आत्यांना सांगितलं, आठवड्यातले तीन दिवस मी नैवेद्य करणार नाही. त्या दिवशी दूध-साखर दाखवावी.

‘‘दूध-साखर?’’ आत्या म्हणाल्या. ‘‘देव काय आजारी पडलाय?’’

‘‘मी पडायला नको म्हणून,’’ मी म्हटलं.

‘‘आम्ही नाही म्हाताऱ्या झालो? आम्ही गेलो का लोखंड उचलायला?’’

मी त्यांना विचारलं, तुम्ही पाटावरून कशा उठता? त्या पाटावर बसतच नव्हत्या, कितीतरी वर्षं खुर्चीवर बसून जप करत होत्या. ते आम्ही दोघींनीही उच्चारलं नाही.

रात्री नवरा हळूच म्हणाला, ‘‘आईचं वय बघ. तीन दिवसांसाठी कशाला वाद?’’

‘‘मग ते तीन दिवस तुम्ही करा,’’ मी म्हटलं. ‘‘मठांतून पुरुषच रांधतात ना मडीत? देवाला चालतं ते.’’

‘‘मला भाजी चिरता येत नाही.’’

‘‘मलाही पाटावरून उठता येत नव्हतं. शिकते आहे.’’

नवरा कुशीवर वळला. दुसऱ्या दिवशी पहाटे मी बूट घालत होते तेव्हा आत्या न्हाणीघरातून निघाल्या, अंगावर सोवळ्याचं पातळ. ऐंशी उलटलेल्या आत्यांनी माझ्याकडे न बघता तांदूळ धुवायला घेतले. तो संप होता, उलटा संप. काम बंद करून नव्हे, काम करून केलेला. मी दारात उभी राहिले. वाटलं, बूट काढावेत. तीस वर्षांत अशा वेळी मी नेहमीच बूट काढले होते. त्या दिवशी काढले नाहीत.

पुढचे काही महिने घरात भांडी जरा जास्तच वाजली. मी सगळे उपवास सोडले. एकादशीला ज्वारीची भाकरी आणि मोड आलेल्या मटकीची उसळ ताटात घेऊन बसले तेव्हा आत्यांनी तोंड फिरवलं. मी म्हटलं, देवाशी माझं मी बघून घेईन. उरलेले चार दिवस मी नैवेद्य रांधत होते, पण जेवताना भात मूठभर आणि वरण दोन वाट्या, पुरणाची एकच पोळी, आणि उरलेलं सरळ बाहेर गाईला. अंडी मी खात नाही, खाणारही नाही. मुलीने प्रोटीन पावडरीचा डबा आणला तो तिच्याच पिशवीत परत घातला. मला हुरळीचं कढण पुरतं; कुळीथ म्हणा, हुरळी म्हणा, आमच्या दोन्ही भाषांत ते घोड्यांनाच घालतात असं आत्यांचं मत. हवी तर घोडी म्हणा, मी म्हटलं.

सुरुवातीला वजनकाटा ढिम्म हलला नाही. नवरा रोज विचारायचा आणि मी रोज वैतागायची. ट्रेनर म्हणाली, काटा कपाटात टाका. मी टाकला. मग स्टूल गेलं, बुटकं स्टूल आलं. मग हातात कान असलेला लोखंडी गोळा आला. जमिनीवरून तो उचलायला तिने शिकवलं: पाय रोवायचे, कमरेतून वाकायचं, पाठ ताठ, वजन अंगाजवळ. ‘‘बेन्नु नेर, अक्का! पाठ सरळ! स्वल्प केळगे, आणखी थोडं खाली... आता टाचांनी जमीन ढकला.’’ गोळा उचलला जायचा आणि माझ्या तोंडून आवाज निघायचा, जो मी बाळंतपणानंतर कधी ऐकला नव्हता. एके दिवशी तिने मला सतरंजीवर मांडी घालून बसवलं आणि म्हणाली, उठा. मी गुडघ्यावर आले, एक पाय पुढे रोवला, आणि उठले. चौरंग नाही, भिंत नाही, जावई नाही. मी तिथेच रडले. या वेळी रागाने नाही. घरी येऊन कुणालाही सांगितलं नाही, कारण विचारलं असतं तर त्यांनी किलोच विचारले असते.

थंडीचे दिवस होते. गुरुवार, म्हणजे माझ्या जिमचा दिवस आणि आत्यांच्या नैवेद्याचा. मी आठच्या सुमारास घरी आले. नवरा फुलं आणायला बाजारात गेला होता. दार उघडलं तर वरण करपल्याचा वास. मी बुटांसकट आत धावले.

आत्या ओटा आणि देवघर यांच्या मध्ये जमिनीवर होत्या. एका अंगावर, पातळ गुडघ्यापर्यंत सरकलेलं, डावं मनगट पोटाशी धरलेलं. बाजूला तांदळाचं पाणी सांडलं होतं. त्यांचे डोळे उघडे होते. मी गॅस बंद केला आणि त्यांच्याकडे वळले, तेवढ्यात त्या ओरडल्या, ‘‘शिवू नकोस!’’

आणि मी थांबले. खरंच थांबले. त्या जमिनीवर पडल्या होत्या आणि मी हातभर अंतरावर, घामाच्या टी-शर्टात, हात मागे घेऊन उभी राहिले, कारण तीस वर्षं तो आवाज आला की माझे हात मागे जात आले होते. त्या मूर्खपणाचा मला आजही राग येतो. मग मी भानावर आले.

‘‘शिवते आहे, आत्या,’’ मी म्हटलं, आणि त्यांच्याशेजारी गुडघ्यावर बसले.

‘‘नैवेद्य...’’

‘‘देव थांबेल. पाय हलवून दाखवा. हा. आता दुसरा. कंबर दुखते?’’

कंबर दुखत नव्हती. दोन्ही पाय हलत होते. मनगट मात्र सुजलं होतं. त्या म्हणाल्या, ‘‘कुणाला तरी हाक मार की. तुझ्याच्यानं व्हायचं नाही.’’ आत्या काही काडी नव्हेत. हाडापेरानं माझ्याहून थोराड. मी देवघरातला चौरंग ओढून घेतला. त्यांना आधी उठवून बसतं केलं. एक गुडघा जमिनीवर, एक पाय समोर रोवलेला, त्यांना छातीशी घट्ट धरलं आणि म्हटलं, चांगला हात माझ्या गळ्यात टाका.

तो हात क्षणभर हवेतच राहिला. मग तो माझ्या गळ्यात आला. इतकी वर्षं एका घरात राहून आत्यांनी मला कधी मिठी मारली नव्हती, मीही त्यांना नाही. रेशमाला कापराचा वास येत होता आणि मला घामाचा. मी पाठ सरळ केली आणि टाचांनी जमीन ढकलली. माझ्या तोंडून तोच आवाज निघाला, जिममधला, देवासमोर. आधी चौरंगावर, तिथे दोन श्वास, आणि मग पुन्हा एकदा, थेट पायांवर. आत्या उभ्या होत्या. त्यांचं सगळं वजन माझ्या अंगावर होतं आणि मी हलले नाही.

मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि सुजलेल्या मनगटाखाली उशी ठेवली.

मनगटाला चीर गेली होती, प्लास्टर घातलं. बाकी सगळं ठीक निघालं. पण मला दिवसभर एकच धास्ती होती. आता सगळे म्हणणार, तुझ्या जिमपायी म्हातारी पडली. ते अगदी खोटंही नव्हतं. मी घरी असते तर ओट्यापाशी मी असते. हा हिशेब मी त्या दिवशी मनात कितीदा मांडला असेल. आणि दर वेळी त्याच ठिकाणी येऊन थांबले. मी घरी असते, तर ओट्यापाशी असलेली मी पाटावरूनही न उठणारी बाई असते. आत्या न्हाणीघरात पडल्या असत्या, जिन्यात पडल्या असत्या, आणि आम्ही दोघी जमिनीवर बसून फुलं घेऊन येणाऱ्या माणसाची वाट बघत राहिलो असतो.

संध्याकाळी दीर-जाऊ आले. आईच्या हाताचं प्लास्टर बघून दिरांचे डोळे भरून आले, ते मला कळलं. पण मग ते माझ्याकडे वळले.

‘‘वैनी, मी स्पष्टच बोलतो. हे जिमचं फॅड आता पुरे. या वयात आईला मडीत उभं करायचं आणि आपण तिकडे...’’

नवरा खिडकीतून बाहेर बघू लागला. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मी सगळं बोलणार होते, अष्टमीपासून. पण आत्या पलंगावरून बोलल्या, डोळे मिटलेलेच.

‘‘क्रेन यायला किती वेळ लागला असता रे, हेब्बाळहून?’’

जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. आत्यांनी चांगल्या हाताने पांघरूण ओढून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्यांनी तसं म्हटलं नसतं तरी मी जिम सोडली नसती. हे मुद्दाम लिहिते, कारण ही गोष्ट सांगितली की लोकांना वाटतं सासूने परवानगी दिली आणि सगळं गोड झालं. परवानगी मी मागितली नव्हती. पण त्यांनी म्हटलं, आणि त्या रात्री मला आत्यांबद्दल जे वाटलं ते प्रेमच होतं, दुसरा शब्द नाही.

शनिवारी पहाटे मी उठले तर स्वयंपाकघरात दिवा. नवरा कमरेला सोवळ्याचा कद गुंडाळून ओट्यापाशी उभा होता आणि दुधी भोपळ्याशी झगडत होता. आत्या खुर्चीवर बसून प्लास्टरच्या हाताने दिशा दाखवत होत्या. ‘‘एवढे मोठे तुकडे? देवाला दात आहेत होय रे?’’ भाताचा वास मला दारातूनच संशयास्पद वाटला. मी लक्ष घातलं नाही.

मी बुटांपाशी गेले. आत्यांनी मान वळवून माझ्या ट्रॅक पँटकडे पाहिलं. ती त्यांना अजूनही आवडत नाही.

‘‘आल्यावर आधी आंघोळ कर,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मग मला खुर्चीतनं उठव. ह्याच्यानं होत नाही.’’

‘‘सरी, बरं,’’ मी म्हटलं, आणि जमिनीवर बसून दोन्ही बुटांच्या नाड्या बांधल्या. मग उठले. हात कुठेही टेकला नाही, आणि त्या बघत होत्या.